ख्रिस्तभूमीची सामुदायिक यात्रा

तीर्थयात्रा म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याने पंढरीची वारी केलेली नाही, त्यानेही ती रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिलेली असते. तेव्हा ख्रिस्ती लोक आपल्या धर्माच्या उगमस्थानी समूहाने जातात, हे ऐकून आपल्याला नवल वाटणार नाही. नवल वाटण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. ख्रिस्ती धर्माने ही यात्रा कोणावरही बंधनकारक केलेली नाही. ऐपत असलेल्या मुसलमानास हज हे कर्तव्य सांगितले आहे. ख्रिस्ती माणसाला तसे कोणतेही कर्तव्य नाही. तो जन्मात एकदाही यरुशलेमला गेला नाही, तरी त्याच्या धर्माचरणात काही उणे राहिले असे कोणी म्हणत नाही. असे असूनही सुमारे सतराशे वर्षे, मधूनमधून खंड पडत का होईना, ही यात्रा चालू आहे.

लोक तेथे कशासाठी जातात? जाऊन करतात काय? आणि ज्या स्थळांचे दर्शन घेतात, ती खरी आहेत काय? या तीन प्रश्नांचा आपण येथे क्रमाने विचार करू. तो करता करता एक चौथा प्रश्न आपोआप पुढे येईल, आणि आम्हाला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

यात्रेचा प्रारंभ

येशू ख्रिस्ताचा जन्म बेथलेहेमचा, बालपण नासरेथचे, उपदेशाचा काळ मुख्यतः गालील सरोवराकाठचा आणि मृत्यू यरुशलेमचा. आजच्या नकाशावर ही स्थळे इस्राएल आणि पॅलेस्टाईनच्या पश्चिम किनाऱ्याचा प्रदेश यांत विभागलेली आहेत. प्रदेश तसा लहान आहे. नासरेथ ते यरुशलेम हे सरळ अंतर सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे पुण्याहून साताऱ्याला जावे साधारण तेवढेच.

पहिली तीन शतके ख्रिस्ती लोक रोमन साम्राज्यात अल्पसंख्य होते आणि अधूनमधून त्यांचा छळही होई. उघड उघड यात्रा सुरू झाली ती सम्राट कॉन्स्टंटाईन ख्रिस्ती धर्माचा पाठीराखा झाल्यावर. त्याची वृद्ध माता हेलेना इ. स. ३२६ च्या सुमारास या भूमीत येऊन गेली. यरुशलेममध्ये एका रोमन मंदिराखाली खडकात कोरलेली कबर सापडली, तीच ख्रिस्ताची मानली गेली आणि तिच्यावर बांधलेल्या भव्य मंदिराचे ३३५ मध्ये समर्पण झाले. त्याच्या दोनच वर्षे आधी, ३३३ मध्ये, फ्रान्समधील बोर्दो गावचा एक यात्रेकरू खुष्कीच्या मार्गाने येथे पोहोचला होता. त्याचे नाव आज कोणाला ठाऊक नाही. पण वाटेतले मुक्काम आणि त्यांतली अंतरे त्याने टिपून ठेवली, म्हणून तो इतिहासात राहिला.

प्रारंभीच या यात्रेला विरोधही झाला, आणि तो बाहेरच्यांनी नव्हे, धर्माच्या थोर आचार्यांनी केला. नीसाचा बिशप ग्रेगरी स्वतः यरुशलेमला जाऊन आला आणि त्याने लिहिले, की जागा बदलल्याने माणूस देवाच्या जवळ जात नाही. त्या नगरीत इतर नगरांइतकेच पाप त्याला दिसले होते. जेरोम हा तर बेथलेहेममध्येच राहून बायबलचे लॅटिन भाषांतर करणारा पंडित. त्यानेही एका मित्राला कळवले, की स्वर्गाचे दार यरुशलेमहून जितके जवळ तितकेच दूरच्या ब्रिटनहूनही जवळ आहे. गंमत अशी, की हे लिहून झाल्यावरही जेरोमने बेथलेहेम सोडले नाही! या विरोधातला मुद्दा मात्र पुढे कधीच पुसला गेला नाही. सोळाव्या शतकात ल्यूथरने यात्रांवर टीका केली, तिच्या मुळाशी असाच विचार होता. म्हणून ख्रिस्ती यात्रेकरूला मनातल्या मनात एक उत्तर नेहमीच तयार ठेवावे लागते : देव सर्वत्र आहे, मग येथेच का?

जागेवरचे वाचन

या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर एका स्त्रीने दिले आहे, आणि तेही वाद न घालता. तिचे नाव एगेरिया. ३८१ ते ३८४ या काळात ती पश्चिम युरोपातून येऊन या प्रदेशात हिंडली आणि आपल्या मायदेशच्या भगिनींना तिने एक लांबलचक पत्र लिहिले. त्याची जी एकच अपुरी प्रत उरली, ती १८८४ मध्ये इटलीतल्या आरेत्सो गावी सापडली. त्या पत्रात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. एगेरिया आणि तिचे सोबती एखाद्या स्थळी पोहोचले, की प्रथम प्रार्थना करीत. मग त्या स्थळाशी संबंध असलेला बायबलमधला भाग तेथेच उभे राहून वाचीत. मग एक स्तोत्र म्हणत आणि पुन्हा प्रार्थना करून पुढे निघत.

ख्रिस्ती सामुदायिक यात्रेचे मर्म येथे आहे. स्थळाला स्पर्श केल्याने पाप धुतले जाते, असा विचार या रीतीत मुख्य नाही. हजारो कोस दूर असताना ज्या मजकुराचे वाचन जन्मभर ऐकले, तो मजकूर जेथे घडला तेथे, चारचौघांच्या सोबतीने पुन्हा ऐकायचा. तीर्थ, ग्रंथ आणि समुदाय या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे ही यात्रा पुरी होते. यांतली एक जरी वगळली तरी उरते ते केवळ पर्यटन, किंवा घरबसल्याचे पारायण.

स्थळामुळे ग्रंथ कसा उलगडतो, याचे एक उदाहरण पाहू. एक माणूस यरुशलेमहून खाली यरीहोला जात असता लुटारूंच्या हाती सापडला आणि एका परक्या शोमरोनी माणसाने त्याला वाचवले, हा येशूचा दृष्टान्त सर्वश्रुत आहे. 'खाली' या शब्दाकडे आपले लक्ष जात नाही. पण यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे अडीचशे मीटर खाली. म्हणजे जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटरांत हजार मीटरांची उतरण, आणि तीही उजाड दऱ्याखोऱ्यांतून. हा घाट एकदा पाहिला, की लुटारूंनी हीच वाट का धरावी आणि जखमी माणसाला तेथे टाकून पुढे जाणे किती निर्दयपणाचे होते, हे निराळे सांगावे लागत नाही. गालीलचा 'समुद्र' हाही प्रत्यक्षात गोड्या पाण्याचे सरोवर आहे, सुमारे एकवीस किलोमीटर लांब. तो समुद्रसपाटीखाली डोंगरांच्या खोलगटात असल्यामुळे वरून वारा उतरला की पाहता पाहता खवळतो. शिष्यांच्या होडीवर आलेल्या वादळाची गोष्ट तेथे बसून वाचताना ती कोणाला अद्भुत कथा वाटत नाही.

आपल्याकडेही या कथेचे भूगोलासह श्रवण फार पूर्वी झाले आहे. गोव्यात सासष्टीला राहिलेल्या फादर स्टीफन्स यांनी मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. बेथलेहेम आणि यरुशलेम ही नावे त्या काळच्या श्रोत्यांच्या कानी मराठी ओवीतून पडली; प्रत्यक्ष तेथे जाणे त्यांच्यापैकी बहुतेकांच्या स्वप्नातही नव्हते.

आजची यात्रा कशी चालते

हे स्वप्न सामान्य माणसाच्या आटोक्यात आले ते वाफेच्या शक्तीमुळे. १८६९ मध्ये टॉमस कुक यांनी इजिप्त आणि पॅलेस्टाईनची पहिली सामुदायिक सफर नेली. १८९२ मध्ये याफा बंदरापासून यरुशलेमपर्यंत आगगाडी सुरू झाली. त्याच सुमारास रशियातले शेतकरी दरसाल हजारोंनी बोटीने याफाला उतरत आणि तेथून पुष्कळसे पायी जात. विमानांनी हा प्रवास आठ-दहा दिवसांत बसवला. १९६४ च्या जानेवारीत पोप सहावे पॉल विमानाने तेथे गेले, तेव्हा आधुनिक काळात ख्रिस्तभूमीस जाणारे ते पहिले पोप ठरले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते मुंबईस आले होते, हे अनेकांच्या स्मरणात असेल.

आज मुंबई-वसईकडून निघणारा संघ साधारणपणे चाळीस-पन्नास जणांचा, म्हणजे एका बसमध्ये मावेल एवढा असतो. बरोबर एक धर्मगुरू आणि तेथील परवानाधारक वाटाड्या. क्रम बहुधा येशूच्या आयुष्याच्या ओघाने, उत्तरेकडून दक्षिणेकडे. काना गावी, जेथे लग्नघरी पाण्याचा द्राक्षारस झाला असे सांगतात, तेथे संघातली जोडपी आपल्या विवाहाच्या शपथा पुन्हा घेतात. पन्नाशी उलटलेले नवरा-बायको एकमेकांचा हात धरून सर्वांसमक्ष वचन देताना लाजतात, आणि त्यांच्या लाजण्याचेच सर्वांना कौतुक वाटते! गालील सरोवरात होडीतून फेरी होते. तेथे होडीवाले आलेल्या संघाचा राष्ट्रध्वज उभारतात आणि राष्ट्रगीत लावतात. पुढे यार्देन नदीच्या पाण्यात उतरून बाप्तिस्म्याच्या वचनांची उजळणी केली जाते.

शेवटी यरुशलेम. जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांतून 'क्रुसाची वाट' चालायची. येशूच्या अखेरच्या प्रवासातले चौदा प्रसंग, त्यांचे चौदा थांबे. शेवटचे पाच कबरीच्या मंदिरातच. दर शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन साधू या वाटेने मिरवणुकीने जातात. दोन्ही बाजूंना मसाल्याची, कापडाची आणि मिठाईची दुकाने. हमाल वाट मागत असतात, गिऱ्हाइके घासाघीस करीत असतात, आणि त्या गजबजाटातून खांद्यावर लाकडी क्रूस घेतलेले यात्रेकरू आपापल्या भाषेत प्रार्थना म्हणत पुढे सरकतात. काहींना हा बाजार खटकतो. पण ख्रिस्ताला क्रूस घेऊन नेले तेव्हाही शहर आपल्या उद्योगात मग्नच असणार, हे ध्यानात घेतले म्हणजे तो बाजार त्या प्रसंगाचाच भाग वाटू लागतो.

स्थळे खरी आहेत काय?

चिकित्सक मनाला हा प्रश्न पडणारच, आणि तो टाळण्याचे कारण नाही. सर्व स्थळांना एकच उत्तर मात्र देता येत नाही.

ख्रिस्ताच्या कबरीचे उदाहरण घेऊ. शुभवर्तमानांप्रमाणे वधस्थान आणि कबर नगराबाहेर होती. आजचे मंदिर तर शहराच्या ऐन मध्यात आहे. मग ते चुकीचे म्हणावे काय? इतिहास सांगतो, की येशूच्या मृत्यूनंतर दहा-पंधरा वर्षांतच नगराला नवी तटबंदी घातली गेली आणि ही जागा आत आली. चौथ्या शतकातल्या लोकांना मनाने जागा ठरवायची असती, तर त्यांनी ग्रंथाशी जुळणारी बाहेरचीच एखादी निवडली असती. ग्रंथाशी वरवर न जुळणारी जागा त्यांनी धरली, यावरून पूर्वापार चालत आलेली आठवण त्यांच्यापाशी असावी असे अनुमान निघते. त्याच मंदिराच्या आवारात त्या काळच्या पद्धतीच्या इतरही खडकातल्या कबरी आहेत. २०१६ मध्ये दुरुस्तीसाठी कबरीवरची संगमरवरी शिळा हलवली, तेव्हा खाली चुनखडीच्या खडकाचा मूळ ओटा मिळाला आणि तेथला चुना कॉन्स्टंटाईनच्या काळाच्या आसपासचा ठरला. ही कबर येशूचीच, हे याने सिद्ध होत नाही. पण परंपरा चौथ्या शतकापासून एकाच जागेला धरून आहे, एवढे निश्चित होते.

कफर्णहूम गावी पेत्राचे घर म्हणून जे दाखवतात, तेथेही काळ्या दगडाच्या साध्या घराभोवती पाचव्या शतकात अष्टकोनी चर्च उभारलेले आढळले. म्हणजे ही आठवणही जुनी आहे. याउलट क्रुसाच्या वाटेचा आजचा मार्ग ही नंतरच्या शतकांतील रचना आहे. पिलाताने न्याय दिला तो शहराच्या पश्चिमेकडील हेरोदाच्या राजवाड्यात, असे अनेक संशोधक मानतात. तसे असेल तर खरी वाट उलट दिशेने आलेली असणार. तटाबाहेरची 'बागेतली कबर' पुष्कळ प्रॉटेस्टंट यात्रेकरूंना आवडते, कारण तेथे शांतता आहे, झाडे आहेत. पण पुराणवस्तुशास्त्रज्ञांच्या मते ती कबर येशूच्या काळाच्या काही शतके आधी कोरलेली आहे.

हे कळल्यावर यात्रेकरूची श्रद्धा ढासळते काय? आमच्या मते, एगेरियाची रीत ज्याने आत्मसात केली त्याची ढासळत नाही. वाटाड्याही 'परंपरेनुसार येथे' एवढेच म्हणतो. वाचन, प्रार्थना आणि सोबत या तीन गोष्टी दगडाच्या वयावर अवलंबून नाहीत. शिवाय ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे त्या कबरीचे माहात्म्यच असे, की ती रिकामी आहे. तासन्‌तास रांगेत उभे राहून, वाकून आत शिरायचे आणि तेथे काहीच नाही हे पाहून बाहेर यायचे, अशी ही यात्रा आहे.

एक मंदिर, सहा पंथ

याच मंदिरात यात्रेकरूला एक धक्काही बसतो. प्रेमाचा उपदेश करणाऱ्याच्या कबरीपाशी त्याचे अनुयायी इंचाइंचासाठी भांडत आले आहेत. ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक आणि आर्मेनियन हे तीन प्रमुख पंथ. कॉप्टिक, सिरियन आणि इथिओपियन हे आणखी तीन. कोणता खांब कोणी झाडायचा, कोणता दिवा कोणी लावायचा, हे ठरलेले. ऑटोमन सुलतानाने १८५२ मध्ये 'आहे ते आहे तसेच राहील' असा हुकूम काढला, तो आजही पाळला जातो. दर्शनी भिंतीवर खिडकीखाली एक लाकडी शिडी अठराव्या शतकापासून तशीच उभी आहे, कारण ती हलवण्याचा अधिकार कोणाचा हे ठरत नाही! २००२ मध्ये छतावर एका कॉप्टिक साधूने उन्हातून सावलीत खुर्ची सरकवली, एवढ्यावरून इथिओपियन साधूंशी हाणामारी होऊन अकरा जण जखमी झाले. आणि दाराची किल्ली? ती शतकानुशतके दोन मुसलमान घराण्यांकडे आहे. एकाने ती सांभाळायची, दुसऱ्याने दार उघडायचे.

ही भांडणे नेहमीच हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. बेथलेहेमच्या जन्मगुहेतला चांदीचा तारा १८४७ मध्ये नाहीसा झाला आणि त्यातून उठलेला तंटा क्रिमियन युद्धाच्या कारणांपैकी एक ठरला. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९६४ च्या त्या यात्रेत पोप पॉल आणि ऑर्थोडॉक्स पंथाचे प्रमुख धर्मगुरू अथेनागोरस यरुशलेममध्ये भेटले, आणि १०५४ साली एकमेकांवर घातलेले बहिष्कार पुढच्याच वर्षी मागे घेतले गेले. कबरीवरील वास्तूची डागडुजी तिन्ही प्रमुख पंथांनी एकत्र येऊन २०१७ मध्ये पुरी केली. ज्या जागेने भांडायला लावले, तिनेच त्यांना एकत्र बसायलाही लावले.

दगड आणि माणसे

आता चौथा प्रश्न. या स्थळांभोवती राहतात कोण?

बेथलेहेम, नासरेथ आणि यरुशलेम येथे अरबी भाषा बोलणारे ख्रिस्ती लोक पूर्वापार राहत आले आहेत. आपण देवाला 'अल्लाह' म्हणून हाक मारणारे ख्रिस्ती पाहिलेले नसतात, म्हणून त्यांचे अस्तित्वही आपल्या लक्षात येत नाही. एके काळी बेथलेहेममध्ये त्यांचे बहुमत होते. आज ते तेथे अल्पसंख्य आहेत, आणि देशांतर थांबलेले नाही. जैतुनाच्या लाकडाची आणि शिंपल्याची कोरीव कामे हा तेथल्या अनेक घरांचा पिढीजात धंदा, आणि तो सर्वस्वी यात्रेकरूंवर चालतो. २०२० मध्ये कोविडने यात्रा बंद पाडली. ती सावरते न सावरते तोच ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटले, आणि २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षी बेथलेहेममधला नाताळचा सार्वजनिक उत्सव रद्द झाला.

यरुशलेम आणि बेथलेहेम यांत अंतर आठ-दहा किलोमीटरांचे. मध्ये २००२ नंतर बांधलेली उंच भिंत आहे. ती आपल्या सुरक्षिततेसाठी आहे असे इस्राएल सांगतो. तिने आमची जमीन आणि वाट तोडली असे पॅलेस्टिनी सांगतात. यात्रेकरूंची बस तपासणीच्या नाक्यावरून सहसा सहज पार होते. बेथलेहेममधल्या ख्रिस्ती माणसाला मात्र ईस्टरच्या दिवशी ख्रिस्ताच्या कबरीपाशी जायचे तर परवाना लागतो. सात समुद्रांपलीकडून आलेल्याला जे दर्शन घडते, ते शेजारच्या गावच्या माणसाला घडेलच अशी खात्री नाही.

पुष्कळसे संघ बेथलेहेमला अर्धा दिवस देतात. जन्मगुहेच्या चर्चचे दार चार फुटांचे, त्यातून वाकून आत जायचे, ताऱ्याला स्पर्श करायचा, एका दुकानात खरेदी करायची आणि परतायचे. तेथल्या कुटुंबाशी दोन शब्द बोलणे होत नाही. तेथले ख्रिस्ती लोक स्वतःला 'जिवंत दगड' म्हणवतात. त्यांची तक्रार अशी, की तुम्ही मेलेल्या दगडांचे दर्शन घेता आणि आमच्या दारावरून जाता. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी या प्रदेशावर मराठीत पुस्तक लिहिले, त्याचे नाव त्यांनी 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' असे ठेवले. त्या नावात ही जाणीव आहे.

आणि मराठी संघाला तर तेथे आणखी एक भेट घडू शकते. कोकणातले बेने इस्राएल १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेले आणि लोद, अश्दोद, दिमोना, बैरशेबा अशा गावी स्थायिक झाले. त्यांच्या जुन्या पिढीत मराठी आजही बोलली जाते. एका बाजूला ते मराठी यहुदी, दुसऱ्या बाजूला अरब ख्रिस्ती आणि मुसलमान. त्या भूमीवर या सर्वांचा जीव आहे. यात्रेकरूने कोणाची बाजू घ्यावी हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण दोघांच्याही घरी पाणी पिऊन यावे, एवढे सुचवावेसे वाटते. बेथलेहेममध्ये दोन रात्री मुक्काम करावा, तेथल्याच कारागिराकडून वस्तू घ्यावी, रविवारी तेथल्या लोकांबरोबर त्यांच्या भाषेतल्या उपासनेला बसावे. त्यासाठी खर्च फार वाढत नाही. कार्यक्रमपत्रिकेतली दोन ठिकाणे कमी करावी लागतात, इतकेच.

एगेरियाच्या काळी यरुशलेमच्या मंदिरात बिशप ग्रीक भाषेत बोलत असे. एक धर्मगुरू शेजारी उभा राहून ते स्थानिक लोकांसाठी सिरियाक भाषेत सांगे, आणि ज्यांना फक्त लॅटिन येई त्यांना जाणते सोबती समजावून देत. परदेशी यात्रेकरू आणि गावकरी एकाच छपराखाली बसून एकच वचन ऐकत होते. सोळाशे वर्षांपूर्वी जे साधले, ते विमानाच्या युगात न साधण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. यरीहोच्या वाटेवरची ती कथा घाटात बस उभी करून वाचायची, आणि वाटेत राहणारा माणूस न पाहताच पुढे जायचे, तर त्या वाचनाचा उपयोग काय?